'टार्का'ची जुनी प्रत : दुरुस्ती, वाचन, नकाशा

११ जानेवारी, एक्सेटर

चॅरिटी शॉपच्या दाराशी ठेवलेल्या खोक्यातून उचललेली प्रत. हेन्री विल्यमसनची 'टार्का द ऑटर', इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या एका पाणमांजराच्या जन्मापासून मरणापर्यंतची कादंबरी. मूळ पुस्तक १९२७ चं. ही प्रत चार्ल्स टनिक्लिफच्या चित्रांची आहे, म्हणजे १९३२ किंवा त्यानंतरची. नेमकं साल सांगता येत नाही, कारण ते छापलेलं पान कुणीतरी फाडून नेलंय. पुस्तकाची सगळ्यात पहिली छपाई फक्त १०० प्रतींची होती, वर्गणीदारांसाठी. तसलं काही हाती लागलं असतं तर कात्री-सुई जवळ नेण्याची छाती झाली नसती. ही मात्र बिनदिक्कत उसवावी अशी प्रत.

अवस्था: कण्याचं कापड वरच्या बाजूनं फाटलेलं. पुढचा पुठ्ठा आतल्या जाळीच्या चार धाग्यांवर लोंबतोय. मधला एक फर्मा (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा जुडगा) सुटून बाहेर डोकावतोय. चित्राचं एक पान मोकळं. सेलोटेप तीन ठिकाणी, पिवळी पडलेली. कडांना तांबूस ठिपके. कसर किंवा वाळवीची खूण नाही, दमट वास मात्र भरपूर.

करायचं काय: (१) पुस्तक पुन्हा उघडून वाचता येईल इतपत बांधायचं, नवंकोरं दिसेल असं नाही. (२) वाचता वाचता टार्काच्या प्रवासाचा नकाशा काढायचा आणि मागच्या पुठ्ठ्याला खिसा करून त्यात ठेवायचा. (३) उन्हाळा लागायच्या आत ते घेऊन टॉरिज नदीवर जायचं.

१२ जानेवारी

पानं क्रमानं तपासली. मजकूर पूर्ण आहे. चित्रंही सगळी असावीत. प्रत रुंद डब्यात खाण्याच्या सोड्याच्या वाटीशेजारी ठेवली, झाकण लावून. वास जायला वेळ लागेल.

१८ जानेवारी

आज फक्त सेलोटेप.

हेअर ड्रायर मंद ठेवून एका टोकाकडून सुरुवात केली. इतकी वर्षं गेल्यावर वरचं प्लास्टिक नावालाच चिकटलेलं असतं. बोटभर भाग तापला की कोपरा आपणहून उचलतो. तो चिमट्यात धरून उभा ओढायचा नाही, कागदाचा पापुद्रा घेऊन येतो. उलटा दुमडून, पानाला जवळजवळ टेकवून, अगदी सावकाश मागे न्यायचा. प्लास्टिक निघालं की खाली उरतो तो तांबडा, मधासारखा चिकट थर, आणि खरं काम तिथे सुरू होतं. क्रेप रबरचा तुकडा त्यावर दाबून गोल फिरवायचा. घासायचं नाही. डिंकाच्या बारीक वळ्या सुटतात, त्या ब्रशनं झटकायच्या, रबराची बाजू बदलायची, पुन्हा दाबायचं. एका पट्टीला पाऊण तास गेला. चिकटपणा गेला, डाग राहिला. डाग काढायला रसायनं आहेत, पण ती घरच्या टेबलावर वापरण्याची नाहीत, आणि त्या डागानं वाचायचं काही अडत नाही.

२५ जानेवारी

समासात पेन्सिलीच्या नोंदी आहेत. पहिल्यांदा चाळताना त्या नुसत्या रेघा वाटल्या होत्या. आज खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरल्यावर वाचता आल्या. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं, आणि माणूस नेमस्त. जिथे मजकुरात एखाद्या जागेचं नाव आहे तिथे समासात तारीख, भरती की ओहोटी, आणि एक-दोन शब्द: इन्स्टो, ओहोटी, पायाचे ठसे. ब्रॉन्टन, शिंपले फोडलेले. बहुतेक साल १९३८ आणि १९३९. मग मोठा खंड, युद्धाची वर्षं. हिवाळ्याच्या प्रकरणाशेजारी एकच ओळ, फेब्रुवारी १९४७: 'अगदी असंच.' १९४७ चा तो हिवाळा ब्रिटनमध्ये आजही म्हातारी माणसं सांगतात, आठवडेच्या आठवडे बर्फ आणि कोळशाची टंचाई. कादंबरीतल्या गोठलेल्या खाडीशेजारी ती ओळ वाचली आणि पुढचं पान लगेच उलटवलं नाही.

शेवटची नोंद १९५९ ची, पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर, कालव्याच्या पुलाच्या उल्लेखाशी: 'पुलाखाली काही नाही.'

मालकाचं नाव पहिल्या कोऱ्या पानावर होतं, ते शाईनं खोडलंय. शोधणार नाही.

ठरलं ते असं: खोडरबर समासाच्या जवळपास फिरकणार नाही. जुन्या पुस्तकांचे विक्रेते असल्या खुणांमुळे किंमत उतरवतात, त्यांचं त्यांना लखलाभ. या प्रतीत छापील मजकूर हजारो प्रतींसारखाच आहे, पेन्सिल मात्र इथेच आहे.

२ फेब्रुवारी

मामाला फोन. मामानं पुण्यात सदाशिव पेठेत आयुष्यभर बाइंडिंग केलं, वकिलांचे रिपोर्ट, कॉलेजचे प्रबंध, देवळांच्या पोथ्या. आता कुडाळजवळ गावी असतो. व्हिडिओवर पुस्तक दाखवलं.

"जुजबंदी चांगली आहे रे," म्हणाला. "दोरा कुजलाय तेवढाच. एकच फर्मा सुटलाय तर सगळं उसवू नकोस. शेजारच्या टाक्यात अडकवून घे."

"आणि चिकटवायला?"

"फेव्हिकॉल लावू नकोस. उद्या कुणाला परत उघडायचं झालं तर कागद फाडल्याशिवाय सुटायचं नाही. मैद्याची खळ कर. त्यात चिमूटभर मोरचूद."

"मामा, इथे मोरचूद नको म्हणतात. तांब्यानं कागद लवकर जळतो."

"जळूदे नाहीतर राहूदे. कसर लागली की मला फोन करू नकोस म्हणजे झालं."

दोघांचंही खरं आहे. मोरचुदातलं तांबं कागद ठिसूळ करायला हातभार लावतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात बिनमोरचुदाची खळ म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण. हवा वेगळी, खळ वेगळी. मी गव्हाच्या सत्त्वाची साधी खळ थोडी थोडी करतोय. उरली तर फ्रिजमध्ये, आणि आंबली की टाकून द्यायची.

मामाला पुस्तकाचा विषय सांगितला. "ऊद?" म्हणाला, "ते आमच्याकडे खाडीत येतात की. सातआठ जण मिळून. कोळंबीच्या तळ्यात शिरले की मालक बोंब मारतो." ती जात वेगळी: आखूड, गुळगुळीत केसांची, कळपानं राहणारी, सिंधुदुर्ग-गोव्याच्या खाड्यांत खारफुटीच्या कडेनं दिसणारी. टार्काची युरोपातली जात एकांडी. नर आपला नदीचा लांबच लांब पट्टा राखून असतो, पिल्लं एकटी आई वाढवते, वर्षभर सांभाळते आणि मग वाटा वेगळ्या. कादंबरीचा सांगाडा यावरच उभा आहे. पहिलं वर्ष आणि शेवटचं वर्ष असे दोनच भाग. जंगली पाणमांजर पाचसहा वर्षांपलीकडे फारसं जगत नाही, त्यामुळे दोन वर्षांची ही गोष्ट चरित्र म्हणून तोकडी वाटत नाही.

८ फेब्रुवारी

फर्मा शिवला. जुन्या भोकांतूनच सुई घातली, नवी भोकं पाडली नाहीत. लिननचा दोरा मेणावरून ओढून घेतला. घडीच्या आतून बाहेर, शेजारच्या फर्म्याच्या टाक्याखालून फास, परत आत. दोरा ओढताना तो नेहमी कण्याच्या दिशेनं ओढायचा, वर ओढला तर घडीच चिरते. घडीवर आधी जपानी कागदाची अरुंद पट्टी लावली होती, त्यामुळे टाका धरला.

वजनाखाली ठेवलं. आता दोन दिवस उघडायचं नाही, म्हणून लेखकाबद्दल वाचत बसलो.

विल्यमसन लंडनचा, जन्म १८९५. पहिल्या महायुद्धात खंदकांत होता, १९१४ च्या नाताळात दोन्हीकडचे शिपाई मधल्या मोकळ्या जागेत भेटले तेव्हा तोही तिथे होता. १९२१ मध्ये मोटरसायकलवरून उत्तर डेव्हनमधल्या जॉर्जहॅम गावी राहायला आला. तिथे त्यानं म्हणे पोरकं झालेलं पाणमांजराचं पिल्लू मांजरीच्या दुधावर वाढवलं. ते सापळ्यात अडकलं, सुटलं आणि पळालं ते परत आलंच नाही. त्याला शोधत तो नद्यांकाठी हिंडला. ही गोष्ट त्यानं स्वतः सांगितलेली, आणि गोष्टी सांगणं हाच त्याचा धंदा होता, तेव्हा जपून घ्यावी. पण तो चेरिटन ऑटर हाउंड्स या शिकारी कुत्र्यांच्या टोळीबरोबर नद्या तुडवत असे, हे पक्कं. त्याच्या बायकोचे वडील त्याच टोळीतले, लग्नही त्याच ओळखीतून जमलं. पाणमांजरं कुठे झोपतात, कुठल्या झाडाच्या मुळांत पिल्लं घालतात, पाण्याखाली किती वेळ दम धरतात, हे त्या काळी सर्वांत बारकाईनं कुणाला ठाऊक असेल तर त्यांना मारणाऱ्यांना. शिकारी हातातल्या लांब काठीवर मारलेल्या जनावरामागे एक खाच पाडत.

हा पेच पुस्तकात कुठेही सोडवलेला नाही. शिकाऱ्यांना राक्षस केलेलं नाही, त्यांची चेष्टाही नाही. डेडलॉक नावाचा कुत्रा आहे, तो टार्काचा वैरी, पण तोही आपलं काम चोख करणारा. दयेची अपेक्षा ठेवून वाचणाऱ्याला हे पुस्तक कोरडं वाटेल. मला तेच आवडतं. टार्का विचार करत नाही. त्याला भूक लागते, पाणी दिसतं, ईल मासा दिसतो.

९ फेब्रुवारी

एक मजेशीर धागा. पुस्तक निघाल्यावर त्याच्यावर लांबलचक टिपणपत्र लिहिलं ते 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' टी. ई. लॉरेन्सनं, जानेवारी १९२८ मध्ये, संपादक एडवर्ड गार्नेटला. कुठून, तर कराचीहून. तो तिथे हवाई दलात साधा शिपाई होता. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे डेव्हनच्या पाणमांजराचं शब्दन्‌शब्द परीक्षण आपल्याच इलाख्यात बसून झालं. त्याच वर्षी पुस्तकाला हॉथॉर्नडन पारितोषिक मिळालं.

२३ फेब्रुवारी

नकाशाचं काम. ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे टेबलावर पसरून त्यावर पातळ कागद, आणि गावांची नावं टाळून आधी फक्त पाणी काढलं. सगळ्या वाचनात मिळालं नाही ते इथे मिळालं.

कादंबरीचा मुलुख म्हणजे दोन नद्या, टॉ आणि टॉरिज. टॉरिजचं वागणं विचित्र आहे. ती अटलांटिकच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर, हार्टलंडच्या बाजूला उगम पावते, आणि समुद्राकडे पाठ करून आत निघते. आग्नेयेला जाते, पूर्वेला वळते, आणि मग हॅदरलीच्या पुढे एकदम उत्तरेकडे फिरून टॉरिंग्टन, बिडफर्ड करत शेवटी त्याच किनाऱ्याला येते. वळण्याच्या सुमारास तिला ओकमेंट नदी मिळते. ही ओकमेंट येते डार्टमूरच्या उंच दलदलीतून, क्रॅनमिअर नावाच्या जागेजवळून. आणि टॉ नदी उगम पावते ती जवळपास त्याच दलदलीत. ती बार्नस्टपलवरून येऊन टॉरिजला खाडीत, ॲपलडोरपाशी भेटते.

म्हणजे हे वर्तुळ आहे. खाडीतून टॉनं वर गेलं, डार्टमूरच्या माथ्यावर थोडं ओलं रान ओलांडलं, की ओकमेंट हाती लागते, तिथून टॉरिज, आणि परत खाडी. माणसाला नकाशावर शोधावं लागतं ते पाणमांजराच्या पायाखाली असतं. टार्का त्याबाहेरही जातो, ब्रॉन्टनच्या वाळूच्या टेकड्यांत, उत्तरेच्या कड्यांखालच्या समुद्रात, एक्समूरच्या माळावर. पण त्याच्या जन्माची आणि मरणाची अशा दोन्ही जागा टॉरिजवरच आहेत, एकमेकींपासून फार लांबही नाहीत.

निळ्या शाईत नद्या, तपकिरी पेन्सिलीनं टार्काची वाट. मागच्या मालकाच्या जागा छोट्या वर्तुळांनी दाखवल्या, सालासकट.

१ मार्च

मोकळं झालेलं चित्राचं पान बसवलं. आतल्या कडेला दोन मिलिमीटर खळ, जास्त नाही, नाहीतर पान उघडताना अडतं.

टनिक्लिफबद्दल थोडं लिहायला हवं, कारण या प्रतीचा अर्धा जीव त्याच्यात आहे. चेशरमधल्या शेतावर वाढलेला माणूस, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेला. बायको विनिफ्रेड म्हणाली की या कादंबरीला तू चित्रं काढून पाहा, म्हणून त्यानं नमुने प्रकाशकाकडे पाठवले. मग डेव्हनला येऊन नद्या पाहिल्या. १९३२ च्या या कामानं त्याचं नाव झालं. पुढे मुलांच्या लेडीबर्ड मालिकेतली ऋतूंची चित्रंही त्याचीच, ती इथल्या एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात आहेत.

भिंगातून पाहिलं. पाण्याखालच्या पाणमांजराचं अंग नुसत्या पांढऱ्या ओरखड्यांनी दाखवलंय. अंगाला चिकटलेले हवेचे बुडबुडे म्हणजे काळ्यात सोडलेले ठिपके. जनावराला सीलसारखी चरबी नसते, दुहेरी केसांत अडकलेली हवाच त्याला थंडीपासून वाचवते, आणि त्यासाठी रोज आपल्या वजनाच्या सातव्या हिश्शाच्या आसपास खावं लागतं. चित्रकारानं हे शास्त्र म्हणून शिकवलेलं नाही, पण ठिपके बरोब्बर जिथे असायला हवेत तिथेच आहेत.

१५ मार्च

कणा. जुनं फाटकं कापड चाकूनं दोन्ही पुठ्ठ्यांच्या कडांखालून उचललं, खालून नवी कापडी पट्टी सरकवली आणि जुना कणा पुन्हा वर चिकटवला, सोनेरी अक्षरं जेवढी उरलीत तेवढ्यांसह. रंग जुळत नाही. जुळवायचा प्रयत्नही केला नाही. शिवलेल्या गठ्ठ्याच्या पाठीवर जाळीचं कापड, त्यावर कागदाचा थर. दोन फळ्यांत घालून, शिकंजा नाही म्हणून सुतारी क्लॅम्पनी आवळलं. मामाला फोटो पाठवला. उत्तर: 'बरं आहे. कोपरे मार.'

कोपरे मारले.

३० मार्च

जे टाळून पुढे जाता येत नाही ते: विल्यमसन १९३० च्या दशकात फॅसिस्ट झाला. ऑस्वाल्ड मोस्लीच्या पक्षात सामील झाला, हिटलरबद्दल भक्तिभावानं लिहिलं, आणि नंतरही त्याबद्दल फारसा पस्तावलेला दिसत नाही. खंदकात समोरचा शिपाई आपल्यासारखाच माणूस आहे हे पाहिलेला माणूस, पुन्हा युद्ध नको या हट्टापायी, जे युद्ध घेऊन आले त्यांच्याच मागे गेला. यामुळे त्याच्या बाकीच्या लिखाणाला, विशेषतः त्या लांबलचक कादंबरीमालेला, मोठी किंमत मोजावी लागली. 'टार्का' त्यातून बचावलं, कारण ते आधीचं आणि त्यात माणसं जवळजवळ नाहीतच. मला हे उत्तर पुरत नाही. निसर्गाची शुद्धता आणि रक्ताची शुद्धता या वेडांमध्ये त्या काळी फार अंतर नव्हतं, आणि या पुस्तकाच्या काही पानांवर माणसांचा जो कंटाळा आहे तो नंतर कुठे गेला हे माहीत असल्यावर तो निरागस वाटत नाही. तरी पुस्तक हातातून ठेवलं नाही.

कवी टेड ह्यूझनं हे पुस्तक लहानपणी वाचलं आणि त्याच्या पारायणांत बुडाला. पुढे तो याच मुलुखात, टॉ नदीजवळच्या नॉर्थ टॉटनला राहिला, आणि १९७७ मध्ये विल्यमसनच्या स्मृतिसभेत बोलला. या नद्या घाण होत चालल्या तेव्हा त्याविरुद्ध भांडणाऱ्यांतही ह्यूझ होता. वारसा असा वाकड्या वाटेनं येतो.

१२ एप्रिल

टॉरिजवर. एक्सेटरहून बार्नस्टपलची गाडी, तिचं नावच टार्का लाइन. क्रेडिटनच्या पुढे ती खोऱ्यात शिरते आणि मग टॉ नदी डाव्या हाताला, उजव्या हाताला, पुन्हा डाव्या हाताला. बार्नस्टपलला सायकल भाड्यानं घेतली. तिथून वाट जुन्या रेल्वेच्या जागेवरून जाते, तिचं नाव टार्का ट्रेल. एका मारलेल्या काल्पनिक पाणमांजराच्या नावावर अख्ख्या परगण्याचं पर्यटन चालतं. वाटेशेजारच्या कॅफेत टार्का केकही होता. घेतला, बरा होता.

इन्स्टोला ओहोटी होती. वाळूवर ठसे भरपूर, सगळे पाळीव कुत्र्यांचे. कुत्र्याला चार बोटं, पाणमांजराला पाच, हा फरक मोजायला सोपा.

बिडफर्डनंतर नदी गोड होत जाते आणि झाडी जवळ येते. वीअर गिफर्डच्या पुढे तो पूल. कादंबरीत 'कॅनॉल ब्रिज' म्हणून येतो तो म्हणजे रोल कालव्याचा दगडी जलसेतू. हा कालवा १८२७ मध्ये सुरू झाला, १८७१ मध्ये रेल्वेसाठी बंद झाला, मग रेल्वेही गेली आणि तिच्या जागी आता सायकली. पुलावरून पाणी जात नाही, एका जुन्या घराकडे जाणारा रस्ता जातो. याच्याच खाली, ओकच्या मुळांत, टार्का जन्मतो.

पुस्तक दगडावर उघडून ठेवलं. कणा उघडा राहतो, पानं आपोआप मिटत नाहीत. म्हणजे पट्टी फार ताठ झालेली नाही.

एका सपाट खडकावर, पाण्यापासून हातभर उंचीवर, विष्ठा होती. काळपट, ठिसूळ, माशांच्या खवल्यांनी आणि बारीक काट्यांनी भरलेली. वाकून वास घेतला. मिंक या नदीकाठच्याच दुसऱ्या शिकारी प्राण्याची विष्ठा दुर्गंध मारते, पाणमांजराची नाही. तिला मासळी आणि सुकं गवत यांच्या मधला, जवळपास चांगलाच म्हणावा असा वास येतो. ताजी होती.

२० एप्रिल

१९५९ च्या त्या ओळीमागे काय होतं ते लिहून ठेवतो.

पाणमांजरांच्या शिकारी टोळ्या दर मोसमाचा हिशोब ठेवत: किती दिवस बाहेर पडलो, किती वेळा जनावर सापडलं. पुढे संशोधकांनी याच वह्या तपासल्या. १९५७-५८ च्या सुमारास, एकाएकी आणि इंग्लंडच्या मोठ्या भागात एकाच वेळी, जनावरं सापडेनाशी झालेली दिसली. कुत्री तीच, नद्या त्याच. बदललं होतं ते शेत. डिल्ड्रिन आणि त्याच्या जातीची कीटकनाशकं १९५० च्या दशकाच्या मध्यात बियाण्याला चोळायला आणि मेंढ्यांना बुडवून काढायच्या द्रावणात येऊ लागली होती. ती पाण्यात उतरली, ईलच्या चरबीत साठली, ईल पाणमांजरानं खाल्ला. पुढच्या दशकात त्यांच्यावर टप्प्याटप्प्यानं बंधनं आली, पण १९७७-७९ मध्ये इंग्लंडभर पाहणी झाली तेव्हा तपासलेल्या जागांपैकी जेमतेम ६ टक्के ठिकाणी खुणा मिळाल्या. त्यातल्या बऱ्याच या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या. १९७८ मध्ये कायद्यानं संरक्षण मिळालं आणि शिकार थांबली. मग नद्या हळूहळू परत भरत गेल्या. २०११ मध्ये केंट परगण्यातही खुणा सापडल्या आणि इंग्लंडचा एकही परगणा पाणमांजरावाचून उरला नाही.

कादंबरीत मरण ओळखीचं आहे. त्याला आवाज आहे, शिंगं वाजतात, माणसं नदीत रांग करून उभी राहतात. ज्यानं हे जनावर खरोखर संपत आणलं त्याला आवाज नव्हता, आणि ते हेरलं गेलं ते काठीवर खाचा पाडणाऱ्यांच्याच वह्यांतून. १९२७ मध्ये विल्यमसनला हे दिसणं शक्य नव्हतं. पेन्सिलवाल्या माणसाला १९५९ मध्ये दिसलं असेल का? एका ओळीवरून तसं म्हणता येत नाही. तो म्हातारा झाला असेल, गाव सोडलं असेल, त्या दिवशी पूर असेल. नकाशावर त्या वर्तुळात फक्त साल लिहिलंय.

४ मे

खिसा झाला. मागच्या पुठ्ठ्याच्या आत, मांजरपाटावर कागद चढवून, दोन्ही बाजूंना घडी ठेवली म्हणजे नकाशा घातल्यावर फुगत नाही. नकाशाची घडी उभी चार आणि आडवी दोन. १२ एप्रिलची खडकाची जागा हिरव्या ठिपक्यानं दाखवली.

मंडळातल्या एका मैत्रिणीनं पुस्तक मुलासाठी मागितलंय. तो अकरा वर्षांचा आहे. तिला सांगितलं की टार्का शेवटी मरतो, नऊ तासांच्या पाठलागानंतर, आणि डेडलॉकला घेऊन मरतो. तिनं विचारलं, मग मुलांचं पुस्तक कसं? मुलांचं म्हणून ते लिहिलेलंच नव्हतं, पण मुलं ते वाचत आलीत. दुसरा भाग तिनं आधी स्वतः वाचायचा, मग ठरवायचं, या अटीवर दिलं. चित्रांच्या पानांना ओला हात लावायचा नाही, ही दुसरी अट.

नकाशाच्या मागच्या बाजूला अजून एक ओळ घातली. आता इथे मेलेली म्हणून सापडतात ती पाणमांजरं बहुतेक गाडीखाली आलेली असतात, पावसाळी रात्री, जिथे पुलाखालून पाणी जोरात जातं आणि जनावर रस्त्यावरून ओलांडतं. असं जनावर दिसलं तर एन्व्हायर्नमेंट एजन्सीला कळवायचं. ते कार्डिफ विद्यापीठात नेऊन तपासतात, आणि चरबीत काय काय साठलंय तेही पाहतात. फोन नंबर पेन्सिलीनं लिहिलाय, बदलला तर खोडता यावा म्हणून.

राहिलेलं काम: नकाशाची एक प्रत प्लास्टिकमध्ये, सायकलवर न्यायला. पुढच्या पुठ्ठ्याचा खालचा कोपरा अजून थोडा उचलतोय, पुस्तक परत आलं की बघतो.